तारण

मंगळवारी सात वाजता, चर्चमागच्या पत्र्याच्या खोलीत
नथानिएल गावित सर फळा पुसतात ओल्या बोळ्यानं.
आम्ही अकरा जण. वह्या शंभरपानी.
बाहेर पथारीवर मिरची वाळते आहे,
अख्खं नंदुरबार लाल,
आणि सर सांगताहेत की शास्त्राच्या जुन्या भाषेत
वारा, श्वास आणि आत्मा
यांना शब्द एकच.
तेवढ्यात वाऱ्यानं दार ढकललं
आणि अकराच्या अकरा जणांना ठसका लागला.
सरांनाही.
"लिहून घ्या," म्हणाले डोळे पुसत, "उदाहरण एक."

शुभवर्तमानं चार का, एक का नाही,
हे कंपाउंडर तिमोथीनं विचारलं.
सर म्हणाले, शहाद्याची बस प्रकाश्याच्या पुलावर बंद पडली
तर चार जण घरी जाऊन काय सांगतील?
एक सांगेल धापा टाकत, मध्ये पाणीही न पिता.
एक आधी सांगेल, बसमध्ये कोण कोणाचा, आजा-पणजासकट.
एक विचारपूस करत बसेल,
बायांचं काय झालं, आजाऱ्याला कोणी उतरवलं.
चौथा बराच वेळ तापीकडे बघेल
आणि सुरुवात करेल अंधारापासून.
बस एकच. पूल एकच.
ड्रायव्हर तर चौघांनीही पाहिलेला.

मी दिवसा पतसंस्थेत असतो.
आमच्या रजिस्टरला 'तारण' नावाचा रकाना आहे,
डावीकडून चौथा.
त्यामुळे सरांनी फळ्यावर तो शब्द लिहिला
तेव्हा माझा हात आपोआप पुढे वजन लिहायला गेला.
"बुडणाऱ्याला वर काढणं," सर म्हणाले.
मी म्हणालो, "सर, गहाण."
वर्ग हसला.
सर हसले नाहीत. खडू हातात तसाच.
"दोन्ही लिहा.
एका शब्दात दोन बिऱ्हाडं आहेत,
मधली भिंत कुडाची."

परीक्षेत तोच प्रश्न आला. पाच गुण.
मी पाप, कृपा, प्रायश्चित्त, समेट
असे चार मुद्दे पाडले, खाली पट्टीनं रेघा.
पैकीच्या पैकी.
दिनाबाई सोनवणे दवाखान्यात फरशी पुसते,
अक्षर तिचं ओळीवरून उतरून जातं.
तिनं लिहिलं होतं एवढंच:
मनं कडं पेढीमा शे.
पावतीवर नाव मनंच शे.
जो सोडावाले ई, त्याले पहिले मनं नाव वाचनं पडी.

सरांनी लाल पेन टेकवलं, उचललं,
गुण दिलेच नाहीत.
कडेला बारीक अक्षरात लिहिलं: पुढे?

पुढे गुरुवार.
लिलावाची यादी मीच टाइप केली होती.
क्रमांक सतरा. मुदत संपून चार महिने.
पगार त्याच दिवशी झाला होता,
नोटा वरच्या खिशात, शर्टाला जड.
मी तिचं नाव वाचलं.
मोठ्यानं वाचलं, नियम आहे तसा.

कडं पिशवीतून निघालं.
बाहेरून वेलबुट्टी जशीच्या तशी,
आतून झिजून आरसा झालेलं.
"घट अकरा ग्रॅम," सोनार म्हणाला.
मी लिहिली अकरा.
वीस-बावीस वर्षांत ती अकरा ग्रॅम चांदी
कुठल्या फरशीवर, कुठल्या खरकट्या पाण्यात,
कुणाच्या अंथरुणाशी गेली,
त्याला आमच्याकडे रकाना नाही.

आज पुन्हा मंगळवार.
ती पुढच्या बाकावर, पदर नीट केलेला,
डाव्या मनगटावर फिकट कातडीचं एक गोल कडं
अजून उन्हानं भरून न आलेलं.
माझ्याकडे वळून तिनं खोडरबर मागितलं,
वापरून परत दिलं, फुंकर मारून.

सरांनी विचारलं,
"कृपा म्हणजे काय, कोण सांगेल?"
व्याख्या माझ्या वहीत आहे, रेघ मारलेली.
मी हात वर केला नाही.